किमान पाच वर्षांचा अनुभव

माणसानं स्वतःला ओळखावं, असं सगळे थोर लोक सांगून गेले आहेत. त्यातल्या कुणीही मुदत घातलेली नाही. त्याला मात्र लॅबच्या सरांनी हे काम शुक्रवारी संध्याकाळपर्यंत करून मागितलं होतं, एका पानात, आणि खाली अर्ज पाठवण्याचा पत्ता घालून. प्रकाशशास्त्राच्या त्या लॅबमध्ये पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याची, एक जागा निघणार होती, तीन वर्षांची. ती त्याच्यासाठीच काढायची हे त्याच्या आणि सरांच्या मनात ठरलेलं होतं. पण नियमाप्रमाणे जागा जाहिरात देऊनच भरायची असल्यामुळे जाहिरातीत त्याचं वर्णन असं बसवायचं होतं, की वाचणाऱ्या बाकी सगळ्यांना आपण कुठेतरी कमी पडतो असं वाटावं आणि त्याला एकट्याला आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटावं. ही काही लबाडी नव्हे. या धंद्यात सगळीकडे असंच चालतं. माप घेतल्याशिवाय शिंप्यानं कापड कापू नये, एवढंच त्यात आहे. फक्त इथे कात्री गिऱ्हाइकाच्याच हातात देतात.

जाहिरात निघाली, अर्ज आले, आणि आज मंगळवारी सव्वाअकराच्या सुमारास आस्थापना विभागाबाहेरच्या फलकावर छाननीची यादी लागली. चौदाव्या ओळीत त्याचं नाव होतं आणि नावापुढे ‘अपात्र’. त्याला धक्का बसला असं म्हणायला हरकत नाही, पण धक्क्याच्या आधी त्याला दिसलं ते असं, की फलकाच्या काचेत त्याचा चेहरा दोनदा उमटला आहे. एकदा काचेच्या पुढच्या अंगावरून आणि एकदा मागच्या, एकावर एक, किंचित सरकून. काच चार मिलिमीटरची असावी, असं त्यानं मनाशी ठरवलं. मग त्यानं नजर पुन्हा यादीवर नेली. चेहरा होता तिथेच राहिला, आणि ‘अपात्र’ हा शब्द दोन्ही कपाळांवरून आडवा गेला. शेवटच्या रकान्यात कारण होतं: अट क्र. ३ ची पूर्तता होत नाही. मागून पीएचडीची दोन मुलं चालली होती. त्यातला एकजण, "काय आजोबा, लागली का यादी?" असं विचारून उत्तरासाठी न थांबता जिना उतरून गेला. त्याला एक्केचाळिसावं चालू होतं. लॅबमध्ये आजोबा व्हायला एवढं पुरतं.

अट क्रमांक तीन त्यानं स्वतः लिहिलेली होती. मुळात अटी चौदा होत्या. केसाएवढ्या काचेच्या तंतूत एका टोकाकडून चित्र सोडलं, की ते आतल्या आत इतक्या वेळा आदळतं की दुसऱ्या टोकाला नुसते ठिपके बाहेर पडतात, सांडलेल्या मिठासारखे; त्या ठिपक्यांतून मूळ चित्र परत जमवायचं, हे त्याचं काम. जमलं तर एक दिवस डॉक्टरला सुईएवढ्या वाटेनं शरीराच्या आतलं बघता येईल, आणि एकाच तंतूतून आजच्यापेक्षा कितीतरी जास्त निरोप पाठवता येतील. निदान प्रत्येक अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात तसं लिहिलेलं असतं. तर या कामात आपल्याला काय काय येतं ते त्यानं त्या चार दिवसांत प्रामाणिकपणे लिहून काढलं होतं, आणि बऱ्याच वर्षांनी त्याला स्वतःविषयी थोडा आदर वाटला होता. आस्थापना विभागाच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून वाचत. कागद वाचताना डोळ्यांवर आणि माणसाशी बोलताना कपाळावर, असं जग करतं, त्यांचं उलटं होतं. त्यांनी पान संपवलं आणि चष्मा खाली घेतला.

"हे पदाचं वर्णन नाही, माणसाचं आहे. नुसता फोटो डकवायचा राहिलाय."

"काही अटी जरा नेमक्या आहेत," तो म्हणाला.

"‘जुना लेसर थंडीच्या दिवसांत सुरू करण्याचा अनुभव’. हे काय?"

"तो थंडीत रुसतो. त्याला समजून घ्यावं लागतं."

"मग लेसर बदला ना. तसा माणूस कशाला शोधत बसता?"

त्यांनी पेन्सिलीनं एकेक अट काढून टाकायला सुरुवात केली, आणि तो समोर बसून बघत राहिला. न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की आपलेच केस मांडीवर पडताना दिसतात आणि ते आपले होते याचंच नवल वाटतं, तसं काहीसं. लेसर गेला. कॅमेऱ्याचा तो प्रोग्राम, जो लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेल्यापासून फक्त यालाच कळत होता, तोही गेला. शेवटी तीन अटी उरल्या: त्या विषयातली पीएचडी, छापून आलेले निबंध, आणि ‘सदर क्षेत्रातील संशोधनाचा किमान अमुक वर्षांचा अनुभव’. अमुकच्या जागी बाईंनी रेघ ओढून ठेवली होती. "इथं काय घालायचं ते तुम्ही घाला," त्या म्हणाल्या, "एवढं एकच तुमच्या हातात ठेवते." पहिल्या दोन अटींत कुणीही मावलं असतं. शेजारच्या गावातल्या लॅबमध्ये एक दाढीवाला तरुण होता, त्याचे निबंध याच्यापेक्षा चांगले होते आणि अनुभव सव्वाचार वर्षांचा. त्याच्यासारखे आणखी सातआठ असतील. त्यानं ‘पाच’ लिहिलं. लिहिताना त्याला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी वय त्याच्या बाजूनं उभं राहिलं होतं.

आता फलकासमोर उभं राहून त्यानं बोटांवर मोजलं, आणि ते बोटांवर मोजण्यासारखं होतं म्हणूनच घोटाळा झाला होता. त्याचा करार अकरा महिन्यांचा असे. बारावा महिना मध्ये मोकळा सोडायचा, म्हणजे माणूस कायम होण्याचा हट्ट धरत नाही, असा नियम कुणीतरी कधीतरी केला होता. पाच वर्षं असं चाललं, पाच करार आणि पाच मोकळे महिने; मग प्रकल्प संपत आला म्हणून तीन महिन्यांचा एक तुकडा मिळाला, त्यातले दोन अर्ज करेपर्यंत भरले होते. त्याच्या हिशेबानं झाली पाच वर्षं दोन महिने. बाईंच्या हिशेबानं चार वर्षं नऊ महिने. बेरीज दोघांचीही बरोबर होती. मोकळ्या महिन्यांत तो घरी बसला असता तर गोष्ट वेगळी होती, पण तो रोज जायचा. दर वर्षी तोच महिना यायचा, सुट्टीचा, उन्हाचा. इमारत रिकामी असायची, लिफ्ट थांबलेली, जिन्यावर पावलं नाहीत, त्यामुळे प्रयोगाचं टेबल इतकं स्थिर राहायचं की ठिपके एखाद्या तळ्याच्या तळाशी बसल्यासारखे निश्चल दिसायचे. पगार नसायचा, पास नसायचा, कुणी हाक मारायचं नाही. त्याचं जे काही बरं काम झालं ते त्याच महिन्यांत झालं. त्याच्या ज्या एका निबंधाचं लोक नाव घेतात, त्यातलं मुख्य चित्र एका अशा मंगळवारी मिळालं होतं, ज्या मंगळवारी तो कागदोपत्री तिथे नव्हता.

"त्या महिन्यांत तुम्ही बाहेर होतात," तो आत गेल्यावर बाई म्हणाल्या.

"मी इथंच होतो."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तुम्ही उमेदवार आहात. उमेदवारानं काय म्हणायचं ते अर्जात म्हणायचं असतं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघा, हरकत घ्यायला उद्या पाचपर्यंत वेळ आहे. त्या पाच महिन्यांत तुम्ही इथं येत होतात असा एखादा कागद आणा. गेटवरचं रजिस्टर असेल, काही असेल. मला तरी कुठं तुम्हाला घालवायचंय? अटच तुमची आहे."

गेटवरचे काका त्याला पाच वर्षं ओळखत होते आणि त्याच्या नावामागे डॉक्टर असल्यामुळे गुडघ्यावर औषध विचारत होते. त्यानं सुरुवातीला दोनदा सांगून पाहिलं होतं की मी तसला डॉक्टर नाही. मग सोडून दिलं होतं, आणि बायकोला विचारून एक व्यायाम सांगितला होता, तो लागू पडला होता. बायको फिजिओथेरपिस्ट होती. काकांनी पाचही वर्षांची पाहुण्यांची रजिस्टरं कपाटातून काढून टेबलावर रचली आणि त्या महिन्यांची पानं दोघांनी मिळून चाळली. झेरॉक्सची शाई देणारा होता, पाण्याच्या टाक्या धुणारे होते, एका वर्षी हरवलेलं मांजर शोधायला आलेल्या एक बाई होत्या, ‘कुणाला भेटायचं’ या रकान्यात ‘मांजर’ असं लिहून. तो नव्हता.

"तुमची नोंद कशाला करीन मी?" काका म्हणाले. ते खरोखरच दुखावले होते. "पास संपला म्हणून तुम्हाला पाव्हण्यांत बसवायचं? तुम्ही घरचे. मी आपला गेटचा आडणा काढून आत सोडायचो."

"ते खरंच," तो म्हणाला, आणि आभार मानून निघाला. पाच वर्षांत त्या आवारात त्याला घरचा म्हणणारा हा एकच माणूस होता, आणि त्यानंच त्याला पुसून टाकलं होतं. रागवायचं म्हटलं तरी राग कुठे ठेवावा ते कळेना.

दुपारी लॅबमध्ये शिरताना त्यानं नेहमीप्रमाणे घड्याळ आणि लग्नाची अंगठी काढून दाराजवळच्या डबीत ठेवली. लेसरच्या खोलीत अंगावर चकाकणारं काही ठेवायचं नसतं. किरण कुठून उलटून डोळ्यात जाईल सांगता येत नाही. त्याच कारणानं खाली पडलेलं काही उचलायचं तर टेबलाच्या उंचीवरून डोळे जाताना ते मिटून घ्यायचे, असं पहिल्या दिवशी शिकवतात. त्याला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी चप्पल घालायला वाकतानाही त्याचे डोळे मिटायचे. मुलगी लहान असताना त्याची नक्कल करायची, वाकून, डोळे घट्ट मिटून, आणि मग धडपडायची. ती सायकल शिकली तो महिना मोकळाच होता. ती पोहायला शिकली तोही. दोन्ही वेळा त्याला संध्याकाळी घरी आल्यावर सांगण्यात आलं होतं, आणि दोन्ही वेळा तो ‘अरे वा’ म्हणाला होता, डोक्यात ठिपके घेऊन. कॉम्प्युटरपाशी बसताना त्याला एकाएकी आठवलं की ठिपक्यांच्या प्रत्येक चित्रावर तारीख असते. त्यानं शोधलं. पाच मोकळ्या महिन्यांत मिळून एक्केचाळीस हजार चित्रं होती, वेळेसकट, सेकंदासकट. सकाळी सव्वानऊला पहिलं, संध्याकाळी साडेसहाच्या आतबाहेर शेवटचं, आणि दुपारी एक ते दीड खंड, जेव्हा तो डबा खायचा. त्यानं नुसती यादी छापायला घातली. प्रिंटरनं बराच वेळ घेतला. कागद गरम गरम बाहेर पडत होते आणि तो ते नीट एकावर एक रचत होता. आपण होतो, असं इतक्या वेळा सलग ऐकायची त्याला सवय नव्हती.

घरी जाताना वाटेत दादाचं चष्म्यांचं दुकान लागायचं. थोरला भाऊ बारावीनंतर शिकला नव्हता. नातेवाइकांत दोघांची ओळख ‘चष्म्याच्या लायनीतले’ अशी एकत्रच करून दिली जायची आणि त्यात कुणाला विसंगत काही वाटत नसे. दादा एका चिमुकल्या स्क्रूड्रायव्हरनं कुणाच्यातरी चष्म्याची काडी आवळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान वर न करता.

"म्हणजे जाहिरात तू लिहिलीस."

"हो."

"आणि तूच नापास."

"अपात्र. नापास व्हायला आधी पात्र व्हावं लागतं."

"बरं, अपात्र." दादानं चष्मा उजेडाकडे धरून बघितला. "मागे म्हणालो होतो, अजून म्हणतो. इथं ये. तुझं नि माझं काम एकच आहे रे. मी लोकांना दिसायला लावतो, तूही तेच करतोस. फरक एवढाच, माझ्या गिऱ्हाइकाला खरंच दिसतं."

तो हसला. दादाही हसला, पण खुर्ची पुढे ओढली ती खरीच होती, आणि ती रिकामी खुर्ची दोघांनाही थोडा वेळ दिसत राहिली. घरी बायकोनं यादीचा गठ्ठा हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला. "त्या महिन्यांत तू लॅबमध्ये होतास याला पुरावा लागतो?" ती म्हणाली. "मला बोलवा म्हणावं साक्षीला. डबा मी भरत होते." मग स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून, पाठमोरीच, तिनं विचारलं, "पाच का लिहिलंस पण? साडेचार लिहायचंस."

"साडेचार असं कुणी लिहीत नाही."

"म्हणूनच तुला मिळालं असतं." नळ सुरू होऊन बंद झाला. "दर वर्षी म्हणत होते, आता महिनाभर मोकळा आहेस, आठ दिवस तरी कुठे जाऊ. दर वर्षी तू म्हणालास, टेबल रिकामं मिळतंय. पाच वेळा." ती रागावलेली नव्हती, रोज परक्या माणसांचे आखडलेले खांदे हलवून हलवून तिच्या आवाजात एक सपाटपणा आला होता, दुखलं तर सांगा असा. "महिनाभरात तुझा हा तुकडा संपतो. मग मला इथली नोकरी सोडून तुझ्यामागे कुठल्या गावाला यायचंय, की तू एकटा जाणार आहेस, एवढं मला कळलं की झालं. हिची शाळा बघायला." गठ्ठा जेवणाच्या टेबलावर पडला होता आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत तो दुसरीकडे होता.

बुधवारी सकाळी बाईंनी यादी वरवर चाळली आणि चष्मा खाली घेतला. "ही यंत्राची हजेरी झाली. तुमचं नाव कुठंय यात?" पण त्यांनी ती परत केली नाही. शेवटचं पान उलटं करून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं एक फुली मारली. "इथं सरांची सही आणा. ‘हे गृहस्थ सदर काळात येथे काम करत होते.’ एवढं एक वाक्य आणि खाली सही. मी लावते."

सर वाईट नव्हते. त्या मोकळ्या महिन्यांत रोज चहा झाला की ते दार अर्धं उघडून डोकावत आणि विचारत, ‘काही दिसतंय का?’ आणि दिसत असलं की आत येऊन अंधारात त्याच्या शेजारी उभे राहत, एखादं मूल झोपलेलं असावं तसे, न बोलता. आता त्यांनी फुली बघितली, मागची पानं बघितली आणि गठ्ठा टेबलाच्या त्याच्या बाजूला हलकेच सरकवला.

"तू इथं होतास हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे. आता तिसऱ्याला कशाला सांगायचं?"

"तिसऱ्यालाच ठरवायचंय, सर."

"हो, पण काय ठरवेल तो, याचा विचार कर. पास नाही, विमा नाही, करार नाही असा एक माणूस, चालू लेसर, आणि एक खोली. पाच महिने. वर माझी सही, की मला हे ठाऊक होतं. उद्या लॅबला कुलूप. ही सगळी पोरं लटकतील. आणि तेव्हा तुझ्या डोळ्याला काही झालं असतं तर?"

"झालं नाही."

"ते नशीब. सहीच्या वर नशीब कसं लिहू?" सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "पाच का घातलंस रे तू? मी वाचलं तेव्हा मला वाटलं, मोजून घातलं असशील."

"मोजलंच होतं."

"बघू," सर म्हणाले. सर जेव्हा ‘बघू’ म्हणत, तेव्हा बघण्याचं काम संपलेलं असे.

तो लॅबमध्ये आला. घड्याळ काढलं, अंगठी काढली, दिवा मालवला. खरं म्हणजे करण्यासारखं काही नव्हतं, पण हात आपोआप आरशाच्या स्क्रूकडे गेले आणि किरण तंतूच्या तोंडाशी नीट बसतो का ते तो बघू लागला. स्क्रूला पाव फेराही द्यायचा नसतो. फिरवायचा असा नुसता विचार करावा आणि बोटांना तो कळावा, इतकंच. लेन्स पुसायच्या स्पिरिटचा थंड वास, यंत्रांच्या पंख्यांची एकसुरी घरघर. हा उन्हाळ्यातलाच एखादा दिवस असू शकला असता. कुठलाही. त्याच्या मनात आलं, आपण तेव्हा नव्हतोच असं धरून बघू. रजिस्टरात नाही, पगारात नाही, सायकलमागे धावताना नाही, पाण्यात उतरताना नाही. मग एक ते दीड डबा कोण खात होतं? ज्या दिवशी ठिपके सरकत सरकत एकाएकी जमले आणि पडद्यावर ते चित्र उभं राहिलं, चाचणीसाठी घातलेली एक साधी जिन्याची आकृती, तीन पायऱ्या, त्या दिवशी अंधारात ‘आलं’ असं मोठ्यानं कोण म्हणालं होतं? सर त्या दिवशी डोकावले नव्हते. ऐकायला कुणी नव्हतं. त्याला ते आठवत होतं, पण आठवणीत तो स्वतःच्या मागे उभा होता आणि दिसत होती ती पाठ, शर्टाच्या घडीसकट. ती कुणाचीही असू शकली असती. हे त्याला भयंकर वाटायला हवं होतं. त्याला फक्त थकल्यासारखं वाटलं, आणि पायात गोळा आला म्हणून त्यानं वजन दुसऱ्या पायावर घेतलं. किरण तंतूत नीट बसला होता. तो तसाच थोडा वेळ बघत राहिला. बाहेर येऊन त्यानं घड्याळ मनगटावर बांधलं तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. सहीशिवायचा गठ्ठा पिशवीत होता. त्यानं मुद्दाम उशीर केला नव्हता. घाईही केली नव्हती.

गुरुवारी अंतिम यादी लागली: एकूण अर्ज एकवीस, पात्र उमेदवार शून्य. पाच वर्षं त्या विषयात राहिलेलं आणि तरीही पोस्टडॉकच शोधत असलेलं माणूस, अख्ख्या यादीत तो एकटाच होता. दुपारी सरांची मेल आली. ‘फेरजाहिरात काढू. मसुदा तोच ठेव. पाचच्या जागी चार कर आणि आजच बाईंकडे दे. बाकी उत्तम उतरलाय.’ मेल वाचून झाल्यावर त्यानं बायकोला फोन लावला आणि सांगितलं, आता होईल बहुतेक. ती एका पेशंटपाशी होती. "बरं," ती म्हणाली, आणि पलीकडे कुणालातरी, "हळू सोडा श्वास."

बाईंनी चष्मा कपाळावर नेला, मसुदा वाचला, आणि कधी नव्हे त्या हसल्या. "आता बसता बघा तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुमचे नऊ महिने वर उरतात."

"जुने अर्ज?" त्यानं विचारलं.

"जुन्यांना परत अर्ज करायला नको. तेच धरायचे, असा नियम आहे." त्यांनी फाइल ओढली आणि अनुभवाच्या रकान्यावरून पेन्सिल खाली नेऊ लागल्या, बारीक टिंबं करत. तो उभा होता. खालच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी टिंबं मोजली आणि एकदा खात्री करायला उलटीकडून मोजली. चार केल्यावर एकवीसपैकी नऊजण पात्र होत होते, त्याला आणि सव्वाचार वर्षांच्या त्या दाढीवाल्याला धरून.